आधी नोंदवही, मग कादंबरी

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ तुकाराम 1918 च्या तापाच्या साथीनंतर घरात भांडून ‘मोरसला’ गेले, गिरमिट करून गेले, आणि परत आले नाहीत, असं आजी सांगायची. त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली आहे. सत्तर पानं झाली, पहिलं प्रकरण सोबत जोडतो. मॉरिशसमध्ये आमच्याच आडनावाचे तिघे फेसबुकवर सापडले, त्यांना निरोप पाठवले, उत्तर नाही. माग कसा काढायचा? परमुलखात मायबोलीसाठी झुरणारा माणूस रंगवायचा आहे, त्यासाठी काय वाचावं? आणि इथे मागे राहिलेल्यांनी तिकडच्यांचं दुःख लिहावं का, असाही प्रश्न पडतो.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्रातलं साल आणि ‘गिरमिट’ (वसाहतीत मजुरी करण्याचा करार) यांचा मेळ बसत नाही. मॉरिशसमध्ये हिंदुस्थानी मजुरांची करारावरची आयात 1834 मध्ये सुरू झाली आणि 1910 मध्ये थांबली. 1917 मध्ये सरकारने ही भरती सगळ्याच वसाहतींसाठी बंद केली. त्यामुळे 1918 च्या साथीनंतर घर सोडलेला माणूस गिरमिटिया म्हणून मॉरिशसला जाणं शक्य नाही. याचा अर्थ आजी खोटं सांगत होत्या असा नव्हे. घरातल्या आठवणीत माणूस आणि मुलूख टिकतात, साल आणि पिढी घसरते. ‘मोरस’ म्हणजे मॉरिशसच, त्याबद्दल शंका नको. तिथून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखरच म्हणत. पण नेमकं काय घसरलंय ते आधी ठरवायला हवं, कारण त्यावर शोधाची दिशा आणि तुमची सत्तर पानं दोन्ही अवलंबून आहेत.

पहिली शक्यता पिढीची. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेली बरीचशी मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतली. 1855 च्या सुमारास विशीत असलेला माणूस तुमच्या आजोबांचा भाऊ होऊ शकत नाही, तो खापरपणजोबांच्या पिढीतला असेल. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे एकाच घरात दोन तुकाराम असणं अगदी शक्य आहे: एक साठ-सत्तर वर्षं आधी समुद्रापार गेलेला आणि दुसरा साथीच्या काळात घराबाहेर पडलेला. आजीच्या गोष्टीत दोघं एक झाले असतील. वंशावळ कागदावर मांडा, दर पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरा, आणि प्रत्येक पिढीत तुकाराम नाव कुठे येतं ते बघा.

दुसरी शक्यता अशी की साल बरोबर आहे आणि प्रवासाचा प्रकार वेगळा आहे. तिकीट काढून गेलेले व्यापारी आणि कारागीर, बोटीवरचे खलाशी, पहिल्या महायुद्धात मुंबईहून इराकमधल्या बसऱ्याकडे नेलेल्या मजूर पलटणी: कोकणातली माणसं या सगळ्या वाटांनी बाहेर पडली. गावाच्या लेखी तीही ‘करारावर गेलेली’च. मजूर पलटणीचा संशय आला, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव शोधता येतं. मात्र ती यादी मृतांची आहे. जिवंत राहिलेला त्यात सापडणार नाही.

आता आडनावाबद्दल. फेसबुकवरच्या त्या तिघांचा नाद सोडा. मजुराची नोंद करताना कारकून त्याचं पाळण्यातलं नाव आणि बापाचं नाव लिहून घेई, आडनाव सहसा येत नसे. पुढे मॉरिशसच्या कायद्याला आडनाव लागलं तेव्हा बहुतेक घरांत त्या पहिल्या माणसाचं नावच आडनाव झालं. त्यामुळे तुमच्या तुकारामांचे वंशज असतील तर ते ‘तुकाराम’ आडनाव लावत असण्याची शक्यता जास्त, तुमचं आडनाव लावत असण्याची फारच कमी. तेही सरळ लिहिलेलं नसेल. कारकून इंग्रजी नाहीतर फ्रेंच कानाचा. आपला ‘तु’ त्याने कुठे टी-यू, कुठे टी-ओ-ओ असा उतरवला, ‘क’साठी कुठे के, कुठे सी, कुठे सी-के. एकट्या तुकारामाची सात-आठ स्पेलिंगं आधी कागदावर काढून ठेवा. ‘ख’, ‘झ’, ‘ळ’, ‘श’ असलेल्या नावांची याहून वाईट दशा होते, म्हणून बापाच्या नावाचीही अशीच यादी करा. खरी ओळख बापाच्या नावानेच पटते. तुकाराम ढीगभर सापडतील. तुकाराम बिन अमुक, वय इतकं, गाव तमुक, असा एखादाच.

एक अडचण आणखी. धार्मिक पद्धतीने लागलेली लग्नं मॉरिशसच्या सरकारदरबारी बराच काळ मान्यच नव्हती, म्हणून कित्येक मुलांच्या जन्मनोंदी आईच्या नावाने झाल्या. बाप गावचा तुकाराम असला तरी कागदावर वंश आईच्या नावाने पुढे जातो, आणि नुसतं पुरुषाच्या नावावरून शोधणाऱ्याचा धागा तिथेच तुटतो.

मूळ नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे आणि तो जन्मभर चिकटे: करारात, तिकिटावर (म्हणजे मजुराच्या ओळखपत्रावर), मालक बदलला की, मेल्यावरसुद्धा. हा क्रमांक हाती लागला की निम्मं काम झालं. नोंदीत साधारणपणे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा-परगणा-गाव, बोटीचं नाव, पोहोचल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते असतं. शेवटी शेऱ्याचा रकाना. तो नीट वाचा. मृत्यू, लग्न, परत गेला, यांतलं काहीतरी तिथे सापडू शकतं. मॉरिशसला गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश परत आली. तुमचे तुकारामही परतले असतील, मुंबईला उतरले असतील, आणि भांडून निघालेल्या घराकडे फिरकलेच नसतील. हे निघालं तर तुमची कादंबरी गिरगाव-परळची होईल आणि, खरं सांगायचं तर, अधिक चांगली होईल.

इन्स्टिट्यूटला पत्र पाठवताना इंग्रजीत, एका पानात लिहा: नावाची सगळी स्पेलिंगं, बापाचं नाव, अंदाजे वय, निघाल्याचा दहा-पंधरा वर्षांचा टप्पा, बंदर मुंबई, आणि गावाचं नाव जुन्या जिल्ह्यासकट. इथे बरेच जण चुकतात. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, पण सावंतवाडी हे तेव्हा संस्थान, म्हणजे त्या मुलखातला माणूस ‘रत्नागिरी’खाली सापडेलच असं नाही. आजचा रायगड म्हणजे जुना कुलाबा. गावाच्या जागी नुसतं ‘मुंबई’ लिहिलेलं आढळलं तर ते बंदर असू शकतं, किंवा माणसाला जिथे पकडून भरती केलं ती जागा. आणि हे लक्षात असू द्या की तिथल्या कर्मचाऱ्यांकडे आधीच मॉरिशसच्याच नागरिकांची रीघ असते. 2024 मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांना मिळणारं कार्ड) वाट मोकळी केली, आणि त्यासाठी पूर्वजाची नोंद लागते. तुम्ही वंशज नाही, मागे राहिलेल्या भावाच्या घरातले आहात. म्हणून ‘संशोधनासाठी’ असं स्पष्ट लिहा, काय शुल्क आणि कोणती परवानगी लागते ते विचारा, आणि उत्तराला महिने लागले तरी दर आठवड्याला तगादा लावू नका.

फोटोची आशा ठेवायला हरकत नाही. 1860 च्या दशकात मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली आणि 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट बाळगणं भाग पडलं. म्हणजे माणूस 1855 मध्ये गेलेला असला तरी बारा-पंधरा वर्षांनंतरचा त्याचा चेहरा तिथे असू शकतो.

आपल्या बाजूचं काम तोवर सुरू करा. तलाठ्याकडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी इतक्या मागे सहसा जात नाहीत, तिथे फार वेळ घालवू नका. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मात्र जरूर बघा. तुमच्या घराण्यातलं कोणी दीडशे वर्षांत तिथे श्राद्धाला किंवा सिंहस्थाला गेलं असेल, तर त्याने भावांची नावं सांगितलेली असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कोणत्या उपाध्यांकडे जायचं ते कळतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ इथे स्थलांतराविषयीचा सरकारी पत्रव्यवहार मिळेल. तिथे तुकाराम सापडण्याची आशा धरू नका. तिथे भरती करणारे दलाल, बोटींची तपासणी, बोटीवरचे मृत्यू, तक्रारी सापडतात, आणि कादंबरीला ते सोन्यासारखं आहे.

आता पहिल्या प्रकरणाकडे वळू. भाषा साफ आहे. पण तिसऱ्या पानावर तुकाराम श्रावणसरीत भिजत ऊस तोडतो आणि त्याला गावची लावणी आठवते. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे मृग निघतो तेव्हा तिथे हिवाळा लागतो, हवा कोरडी होते आणि ऊसतोडणी सुरू होते; जून ते डिसेंबर हा तोडणी-गाळपाचा हंगाम. श्रावण-भाद्रपद म्हणजे ऐन तोडणी आणि सकाळची थंडी. मोठा पाऊस आणि चक्रीवादळं येतात ती आपल्या पौष-माघाच्या आगेमागे. कोकणातून गेलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यातलं नक्षत्रांचं अख्खं गणित तिथे उलटं झालं असणार. पंचांग तेच, सण त्याच तिथीला, आणि आभाळ वेगळं. हे तुमच्या हातात असताना श्रावणसरी कशाला?

पाचव्या पानावर तो अफूच्या शेतीला कंटाळून निघतो. हे कुठून आलंय ते दिसतं: अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’वरून (2008). त्या कादंबरीत माणसं गाझीपूरकडची, बंदर कलकत्ता, काळ 1838. तिथे अफू हेच गाव सुटण्याचं कारण आहे. कोकणात अफू नव्हती. कोकणात खोत होता. खोताचा धारा, वेठ, पोट भरेल इतकीही जमीन नाही, आणि मुंबईला जायची आधीपासूनची वहिवाट. म्हणूनच पुष्कळदा दलालाची गाठ गावात न पडता मुंबईत पडली असणार: कामाच्या शोधात आलेला, पोटात काही नसलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला गडी. पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिली. त्याच्या आधी निघालेल्या माणसाला तुम्ही गिरणीचा भोंगा ऐकवू शकत नाही. दहा वर्षांनी निघालेल्याला मात्र ‘गिरणी की बोट’ हा प्रश्न पडू शकतो.

मळ्यावरच्या रोजच्या हिशोबाला प्रकरणात जागाच नाही. ठरावीक वर्षांचा करार, महिना पाच रुपयांच्या आसपास पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. सर्वांत जाचक नियम ‘डबल कट’चा: एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. म्हणजे महिन्यात पाच दिवस तापाने पडलेल्या माणसाचे दहा दिवस गेले. दुसरा जाच तिकिटाचा. करार संपलेला माणूस तिकिटाशिवाय रस्त्यावर सापडला की भटक्या ठरवून पकडला जाई. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या गोऱ्या माणसाने हजारो जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नराकडे दिला आणि पाठोपाठ चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. तुमच्या तुकारामाने त्या अर्जावर अंगठा केला का, हा एका प्रकरणाचा विषय आहे. तुमच्या हस्तलिखितात चाबूक आहे, रडणं आहे, हिशोबाची वही नाही.

काय वाचावं? हिंदी तुम्हाला येत असणारच. अभिमन्यू अनत यांची ‘लाल पसीना’ (1977) आधी वाचा. मॉरिशसच्या मातीतल्या लेखकाने तिथल्या मजुरांवर लिहिलेली आहे. तिच्यात मागे वळून बघण्यापेक्षा त्याच जमिनीवर पाय रोवून भांडणं जास्त आहे. तोताराम सनाढ्य यांचं ‘फिजीद्वीप में मेरे 21 वर्ष’ (1914) हे प्रत्यक्ष गिरमिटियाचं कथन, पण गिरमिट बंद व्हावं म्हणून छापलेलं. साक्ष म्हणून वाचा, आणि प्रचारासाठी काय पुढे आणलं, काय मागे ठेवलं याकडे लक्ष ठेवून वाचा. इंग्रजी चालत असेल तर गायत्रा बहादूर यांचं ‘कुली वुमन’ (2013) सोडू नका. त्यांची पणजी 1903 मध्ये कलकत्त्याहून एकटी, पोटुशी अशी ब्रिटिश गयानाला गेली. ती का निघाली हे कोणत्याच कागदात नाही. लेखिका तिथे गोष्ट रचत नाही. कागद जिथे संपतो तिथे प्रश्न मांडत जाते, आणि ते प्रश्न वाचवत नाहीत इतके टोकदार आहेत. तुम्हाला तंत्र शिकायचं तर ते इथे. हे पुस्तक कादंबरी नाही, पण तुमच्या कादंबरीला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल.

आता ‘मायबोलीसाठी झुरणारा माणूस’. याला आमचा विरोध आहे, आणि जरा तपशिलात सांगतो. परदेशस्थ मराठी माणसाबद्दल आपण लिहिलं की तो हटकून महाराष्ट्राची वाट बघत बसलेला असतो, जणू त्याचं आयुष्य म्हणजे आपल्या अनुपस्थितीत काढलेले दिवस. मॉरिशसच्या मराठी घरांत तीन-चार पिढ्यांपासून क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) बोलली जाते, भोजपुरीही बोलली गेली. मजुरांमध्ये स्त्रिया कमी होत्या, मराठी स्त्रिया त्याहून कमी. तुकारामाने संसार केला असेल तर बायको बिहारमधल्या छपराकडची किंवा तमिळ असण्याची शक्यता तुम्ही धरलेलीच नाही. ती धरा. मग चुलीपाशी कोणती भाषा चालेल, मुलगा अंगाईत काय ऐकेल, गोंधळ घालताना बायको कुठे बसेल, हे प्रश्न आपोआप येतील, आणि झुरण्याला फारशी सवड उरणार नाही. तिथले मराठी लोक आजही गोंधळ घालतात आणि ‘झाकरी’ म्हणतात. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाशी तिचं नातं तुम्हा रत्नागिरीकराला सांगायला नको. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण तो त्यांचा मॉरिशसचा गणपती आहे. आपल्या गणपतीची आठवण म्हणून तो बसवलेला नाही.

म्हणून तिथल्या कोणाशी बोलायची वेळ आली तर ‘तुम्हाला मराठी येतं का?’ हा पहिला प्रश्न नको. समोरचा ओशाळतो किंवा चिडतो, आणि बोलणं तिथेच संपतं. घरातल्या गोंधळात कोणत्या देवांना बोलावतात, कोणती नावं घेतात, ते विचारा. त्यात एखादी ग्रामदेवता निघाली तर ती गावाचा पत्ता सांगते, आणि नोंदवहीतल्या बिघडलेल्या स्पेलिंगपेक्षा तो पुष्कळदा पक्का असतो. प्रश्न इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, पाच-सहापेक्षा जास्त नाहीत. तिथल्या मराठी मंडळांमार्फत गेलात तर उत्तर मिळायची आशा अधिक; अनोळखी माणसाचा ‘आपण नातेवाईक आहोत’ असा निरोप वाचून कोणालाही आधी फसवणुकीचीच शंका येते. त्या तिघांचं मौन यातलंच.

जातीच्या रकान्यावर मात्र इमारत बांधू नका. भरतीच्या वेळी कोणी जात बदलून सांगितली, कोणी बापाचं नाव, आणि कारकुनाने ‘मराठा’ लिहिलं तर ते जातीला उद्देशून की मुलखाला, हे त्यालाही ठाऊक नसेल.

लिहावं की नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लिहा. फक्त कुठे उभे राहून लिहिता ते ठरवा. तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी मॉरिशसच्या कोणत्याही लेखकाकडे नाही: मागे राहिलेलं घर. भावाच्या हिश्शाची जमीन कोणी कसली? बायको मागे होती का, आणि होती तर तिने कुंकू पुसलं की वर्षानुवर्षं लावलं? त्याचं श्राद्ध घातलं का, आणि घातलं तर कोणत्या तिथीला? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वाडीत अजून मिळतील, मोकाच्या अभिलेखागारात मिळणार नाहीत. आमचं मत विचाराल तर सत्तरपैकी जवळपास पन्नास पानं बाजूला ठेवून कादंबरी घरापासून सुरू करा आणि मळ्यावरचा भाग क्रमांक हाती येईपर्यंत लिहूच नका.

मसुद्यात एक साधी सोय करा. नोंदीत सापडलेलं काळ्या शाईत, घरात ऐकलेलं निळ्या, तुम्ही रचलेलं लाल. सहा महिन्यांनी कोणतं वाक्य कुठून आलं हे तुमचं तुम्हालाच आठवणार नाही, आणि पहिला जाणकार वाचक नेमकं लाल वाक्यच खरं समजून तुम्हाला विचारील.

फोटो सापडला तर मुखपृष्ठावर छापायची घाई नको. तो काढला तेव्हा त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं, आणि आज त्याचे पणतू-खापरपणतू हयात असू शकतात. आधी इन्स्टिट्यूटची लेखी परवानगी घ्या, वंशज सापडले तर त्यांचीही, आणि त्यांनी नाही म्हटलं तर फोटो घरीच ठेवा. त्यांची आजची नावं आणि पत्ते कादंबरीत किंवा प्रस्तावनेत येऊ देऊ नका.

वंशावळ मांडून झाली की दोन तुकारामांचं काय ते कळवा. तोवर मोकाला पत्र धाडायचं थांबा. चुकीच्या पिढीच्या नावाने मागितलेली नोंद त्यांनाही सापडणार नाही.

स्नेहांकित,
सल्ला सदर